डिमेन्शियाचा प्रकार ओळखताना नर्व्ह टेस्ट कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही

प्रश्न असा आहे: सत्तरीतल्या रुग्णाला डिमेन्शिया आहे हे नक्की झालंय, पण तो अल्झायमरचा की लेवी बॉडीचा, हे ठरत नाही. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडं आक्रसणं सोडलं तर काही नाही. अशा वेळी नसांच्या कामाच्या तपासण्यांवरून काही कळतं का, आणि कळत असेल तर कोणत्या कराव्यात?

कळतं. पण ‘नर्व्ह टेस्ट’ म्हटलं की बहुतेकांना आठवते ती एनसीव्ही, म्हणजे हातापायाला बारीक शॉक देऊन केलेली तपासणी, आणि या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिच्यात नसतं. अल्झायमर असो की लेवी बॉडी, हातापायांच्या मोठ्या नसांचा वेग पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. फरक दिसतो तो स्वायत्त मज्जासंस्थेत, म्हणजे बीपी, नाडी, घाम, लघवी आणि आतडी यांचं काम आपसूक सांभाळणाऱ्या बारीक तंतूंमध्ये. लेवी बॉडी आजारात अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन मेंदूत साचतं, तसंच हृदयाकडे, आतड्यांकडे आणि त्वचेकडे जाणाऱ्या या तंतूंमध्येही साचतं; कित्येकदा विसरायला लागण्याच्या आधीपासून. अल्झायमरमध्ये साचणारी अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं या तंतूंना सहसा धक्का लावत नाहीत. पुढच्या बहुतेक तपासण्या या एका फरकावर उभ्या आहेत.

हा फरक करणं केवळ नावापुरतं नाही. लेवी बॉडीच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर अंग लाकडासारखं ताठ होणं, गुंगी, गिळता न येणं, अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते आणि ती जिवावरही बेतते. म्हणून शंका असेल तेव्हा तपासण्यांचा निकाल येईपर्यंत रुग्ण लेवी बॉडीचाच आहे असं धरून औषधं द्यावीत.

सुरुवात बीपीच्या यंत्रापासून करावी. झोपून आणि उभं राहून घेतलेलं बीपी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित तपासणी आहे. ती ‘केली’ असं केसपेपरवर लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा रुग्णाला खुर्चीतून उभं करून लगेच एकदा मोजलेलं असतं. त्याला अर्थ नाही. बसलेल्या माणसाचं रक्त आधीच पायांत उतरलेलं असतं, त्यामुळे पुढची घसरण कमी दिसते.

नीट करायची तर अशी: सकाळी, शक्यतो न्याहारीच्या आधी. रुग्णाला सपाट झोपवून निदान ५ मिनिटं, जमलं तर १० मिनिटं, शांत पडू द्यावं. बीपी आणि नाडी दोन्ही लिहावं. मग उभं करून १ मिनिटाला आणि ३ मिनिटांना पुन्हा दोन्ही मोजावं, आणि रुग्ण उभा राहू शकत असेल तर ५ आणि १० मिनिटांनाही. मोजताना कफचा हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन धरावा. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा वाढतो आणि घसरण झाकली जाते. वरचं बीपी २० किंवा खालचं १० मिलिमीटरने ३ मिनिटांच्या आत उतरलं आणि उतरलेलंच राहिलं, तर तिला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. झोपलेलं असताना बीपी मुळातच जास्त असेल तर वरच्या आकड्याला ३० ची घसरण धरावी. ३ मिनिटांनंतर होणारी घसरण ही अनेकदा याच बिघाडाची सुरुवातीची पायरी असते, म्हणून १० मिनिटांच्या नोंदीला महत्त्व आहे.

पण बीपी उतरतं म्हणून लगेच लेवी बॉडी म्हणायचं नाही. पाणी कमी पिणं, डाययुरेटिक, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी गोळी, नायट्रेट, अमिट्रिप्टिलिन, लेव्होडोपा, यांतल्या कशानेही बीपी उतरतं. इथे नाडी उपयोगी पडते. समजा झोपून बीपी १५८/८४ आणि नाडी ६८ आहे. उभं राहिल्यावर ३ मिनिटांनी बीपी ११८/६६ आणि नाडी ७३. वरचं बीपी ४० ने पडलं आणि नाडी फक्त ५ ने वाढली. ५ भागिले ४० म्हणजे सुमारे ०.१३. आता दुसरा रुग्ण घ्या: १४० वरून ११२, नाडी ७२ वरून ९६. इथे २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर बिघाड नसांचा असण्याची शक्यता जास्त. त्यावर असेल तर आधी पाणी, रक्त आणि औषधं तपासावीत. अट एवढीच की हृदयाची लय सरळ असावी. एट्रियल फिब्रिलेशन, पेसमेकर किंवा बीटा ब्लॉकर असेल तर नाडी आपल्या मनाने वाढू शकत नाही आणि हे गणित कोसळतं.

रुग्ण ‘चक्कर येत नाही’ म्हणाला तरी मोजमाप सोडू नये. डिमेन्शियात माणसाला आपली तक्रार नीट सांगता येत नाही. उभं राहिल्यावर चेहरा निर्विकार होणं, नजर एकाच जागी लागणं, बोलणं मध्येच थांबणं, मान आणि खांदे दुखणं, बसल्यावर हे सगळं निवळणं, याकडे घरच्यांनी लक्ष द्यायला हवं. पुष्कळदा ‘दिवसभरात कधी ठीक, कधी गोंधळलेले’ असं जे वर्णन केलं जातं त्यातला काही भाग या उतरलेल्या बीपीचा असतो. जेवणानंतर २ तासांच्या आत वरचं बीपी २० ने पडत असेल तर तेही याच कुळातलं लक्षण. म्हणून घरी मोजताना एक नोंद जेवणानंतर तासाभराने घ्यावी.

इथे संशय पक्का झाला की प्रयोगशाळेतल्या ऑटोनॉमिक फंक्शन टेस्टकडे जावं. त्यात साधारण चार-पाच भाग असतात, आणि डिमेन्शियाच्या रुग्णात प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने फसतो. म्हणून कोणता भाग विश्वासार्ह आणि कोणता नाही हे रिपोर्ट वाचणाऱ्याला ठाऊक हवं.

पहिला भाग दीर्घ श्वासाचा. मिनिटाला ६ श्वास: ५ सेकंद आत, ५ सेकंद बाहेर. ईसीजी चालू ठेवून श्वास आत घेताना नाडी किती चढते आणि सोडताना किती उतरते ते पाहायचं. यातून व्हेगस नसेचं, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या नसेचं, काम कळतं. जुन्या तक्त्यांत १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक नॉर्मल आणि १० च्या खाली बिघाड असं दिलेलं असतं, पण वयाबरोबर हा फरक आपोआप कमी होतो. सत्तरीत ७-८ ठोक्यांचा फरकही नॉर्मल असू शकतो. वयानुसार तक्ता न वापरणाऱ्या लॅबचा ‘व्हेगल डिसफंक्शन’ असा शेरा म्हाताऱ्या माणसात काही सांगत नाही. रुग्णाला श्वासाची लय जमत नसेल तर तंत्रज्ञाने हात वर-खाली करून दाखवावं. शब्दांपेक्षा हाताची खूण डिमेन्शियात जास्त चालते. ६ ते ८ श्वासांपेक्षा जास्त करू नये, कारण जोरात श्वास घेत राहिल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि फरक कमी दिसायला लागतो.

दुसरा भाग उभं राहिल्यावरच्या नाडीचा, ज्याला ३०:१५ गुणोत्तर म्हणतात. साधारण १५ व्या ठोक्याजवळचं दोन ठोक्यांमधलं सर्वांत छोटं अंतर आणि ३० व्याजवळचं सर्वांत मोठं अंतर यांची तुलना. हा भाग स्वतःच्या बळावर झटकन उभं राहण्यावर अवलंबून आहे. पार्किन्सनिझम, म्हणजे हालचाली मंद आणि अंग ताठ, असलेला माणूस दोघांच्या आधाराने वीस सेकंदांत उठतो, तेव्हा हा आकडा निकामी होतो. टिल्ट टेबलवर, म्हणजे झोपलेल्या रुग्णाला उभं करणाऱ्या कलत्या पलंगावर, हा आकडा काढूच नये.

तिसरा भाग वालसाल्वाचा. ही तपासणी सर्वांत जास्त माहिती देते आणि सर्वांत जास्त फसते. नळीत फुंकून ४० मिलिमीटर दाब १५ सेकंद टिकवायचा. तोंडाच्या नळीला बारीक छिद्र असावं, नाहीतर रुग्ण गालांच्या जोरावर दाब धरतो आणि छातीत दाब निर्माणच होत नाही. बोटावरच्या कफने प्रत्येक ठोक्याचं बीपी नोंदवलं, तर आलेखात आधी घसरण, मग फुंकर चालू असतानाच थोडी सावरण, आणि फुंकर सोडल्यावर मूळ पातळीच्या वर जाणारी उसळी दिसते. लेवी बॉडीत सिम्पथेटिक तंतू (बीपी आणि नाडी वाढवणारे स्वायत्त तंतू) गळलेले असतील तर मधली सावरण नसते, शेवटची उसळी नसते आणि बीपी मूळ पातळीवर यायला बराच वेळ लागतो. हा आकार एकदा डोळ्यांत बसला की नुसत्या वालसाल्वा रेशोपेक्षा (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नाडीच्या गुणोत्तरापेक्षा) तो जास्त सांगतो. मात्र हृदय कमजोर असेल तर आलेख चौकोनी ठोकळ्यासारखा येतो. तो बिघाड नसांचा नसतो. आणि मध्यम टप्प्याच्या पुढचा रुग्ण १५ सेकंद फुंकू शकत नाही. दोन-तीन प्रयत्नांत ३० मिलिमीटरही टिकत नसेल तर हा भाग सोडून टिल्ट टेबलवर १० मिनिटांची नोंद घेणं बरं.

घामाच्या तपासणीत त्वचेवर असेटिलकोलिन सौम्य विजेच्या मदतीने आत सोडून घाम मोजतात, साधारणपणे हाताचा पुढचा भाग, पायाचा वरचा-खालचा भाग आणि पाऊल अशा चार जागी. लघवीच्या तक्रारीसाठी चालू असलेली ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी, अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या औषधातले अँटिहिस्टामिन, यांपैकी काहीही चालू असेल तर घाम कमी येणारच. तळहात-तळपाय दोन प्लेटवर ठेवून काही मिनिटांत होणारी चाचणी मधुमेहातल्या बारीक नसांसाठी ठीक आहे. डिमेन्शियाचा प्रकार ठरवायला ती एकटी पुरत नाही.

आता या सगळ्याचा अर्थ. स्वायत्त बिघाड सर्वांत ठळक पार्किन्सन आजारातल्या डिमेन्शियात, नंतर लेवी बॉडीत आणि रक्तवाहिन्यांच्या (व्हॅस्क्युलर) डिमेन्शियात मधल्या पातळीवर, आणि अल्झायमरमध्ये सर्वांत कमी दिसतो. म्हणजे अल्झायमर की लेवी बॉडी या प्रश्नात ही तपासणी मदत करते, पण लेवी बॉडी की व्हॅस्क्युलर या प्रश्नात फारशी नाही. जुना मधुमेह असेल तर तिची किंमत आणखी घटते. निकाल नॉर्मल आला म्हणून लेवी बॉडी नाकारताही येत नाही, कारण सुरुवातीच्या काही वर्षांत तो नॉर्मल असू शकतो. २०१७ साली सुधारलेल्या लेवी बॉडीच्या निकषांतही ठळक स्वायत्त बिघाड हे पूरक लक्षण आहे. एकट्याच्या बळावर ते निदान देत नाही.

त्याच निकषांत तीन तपासण्यांना वरची जागा आहे: डोपामिन ट्रान्सपोर्टर स्कॅन, हृदयाचा एमआयबीजी स्कॅन आणि झोपेच्या तपासणीत स्वप्नाच्या अवस्थेत स्नायू सैल न पडणं. चढउतार करणारी बुद्धी, वारंवार दिसणारे स्पष्ट भास, झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय मारणं आणि पार्किन्सनिझम या चार मुख्य लक्षणांपैकी एक असेल आणि या तिनांपैकी एक तपासणी पॉझिटिव्ह असेल तर ‘बहुधा लेवी बॉडी’ असं निदान करता येतं. या तिनांतल्या दोन, एमआयबीजी आणि झोपेची तपासणी, आपल्या विषयाच्या.

एमआयबीजी हा नॉरअॅड्रिनलिनसारखा पदार्थ हृदयातल्या सिम्पथेटिक टोकांमध्ये शिरतो. टोकंच मेलेली असतील तर हृदय स्कॅनमध्ये उजळत नाही. इंजेक्शननंतर साधारण १५ ते ३० मिनिटांनी एक आणि ३ ते ४ तासांनी दुसरा फोटो घेऊन हृदय आणि छातीच्या मधला भाग यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढतात. जपानमधल्या अनेक केंद्रांच्या अभ्यासात लेवी बॉडी आणि अल्झायमर वेगळे करताना या तपासणीची संवेदनशीलता (लेवी बॉडीचे किती रुग्ण पकडले) सुमारे ६९ टक्के आणि विशिष्टता (लेवी बॉडी नसलेले किती नीट वगळले) सुमारे ८९ टक्के आली होती. म्हणजे हृदय उजळलं नाही तर निकालावर बराच विश्वास ठेवावा. उजळलं तर लेवी बॉडी नाही असं मात्र म्हणू नये. हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदय कमजोर असलेला किंवा मधुमेहाने नसा बिघडलेला रुग्ण यात खोटा पॉझिटिव्ह येतो. ट्रायसायक्लिक गोळ्या, लॅबेटालॉल आणि नाक मोकळं करणारी स्युडोइफेड्रिनची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच थांबवावी लागतात. एका सेंटरचा आकडा दुसऱ्या सेंटरच्या मर्यादेशी ताडून पाहू नये. कॅमेऱ्याच्या कॉलिमेटरप्रमाणे (किरण गाळणाऱ्या जाळीप्रमाणे) तो बदलतो. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीत, म्हणजे पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका आजारात, बीपी तितकंच पडतं, पण बिघाड मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींमध्ये असल्याने हृदयातली टोकं बहुधा शाबूत राहतात आणि स्कॅन उजळतो.

झोपेच्या तपासणीत हनुवटीच्या स्नायूचा ईएमजी (स्नायूतल्या विजेची नोंद) आणि व्हिडिओ दोन्ही हवेत. घरी नेऊन बोटाला आणि नाकाला लावायचं घोरण्याचं यंत्र इथे उपयोगाचं नाही, कारण त्यात स्नायूंची नोंदच नसते. नैराश्याच्या एसएसआरआय आणि व्हेन्लाफॅक्सिनसारख्या गोळ्यांनीही स्वप्नाच्या अवस्थेतलं सैलपण जातं, त्यामुळे निकालाच्या बाजूला औषधांची यादी हवीच. श्वास अडकून जागं होताना हातपाय झाडणारा स्लीप अॅप्नियाचा रुग्णही हुबेहूब तसाच दिसतो. तरी एक गोष्ट तपासणीशिवाय मिळते: शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला विचारा की गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुग्ण झोपेत हातपाय मारायचा का. विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ही सवय सुरू झालेली असू शकते.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, सगळीकडे मिळतो, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. डोळे मिटून जागं असताना डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय दिसते. अल्झायमरच्या सुरुवातीला ती बहुधा ८ च्या वर टिकून असते. लेवी बॉडीत ती लवकरच ८ च्या खाली, साधारण ५.६ ते ७.९ हर्ट्झच्या पट्ट्यात उतरते, आणि काही सेकंदांच्या अंतराने लय वर-खाली होत राहते. हीच हेलकावणारी लय महत्त्वाची. पण ‘डिफ्यूज स्लोइंग’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट यासाठी कुचकामी आहे: मागच्या भागातली मुख्य लय किती हर्ट्झ, ती किती बदलते, आणि रुग्ण त्या वेळी जागा होता का, हे तिन्ही लिहायला हवं. डुलकी लागली की कोणाचीही लय मंदावते, म्हणून तंत्रज्ञाने ठरावीक वेळाने डोळे उघडायला सांगावं, नाव विचारावं. क्लोनाझेपाम, लिव्हर किंवा किडनीचा बिघाड, कमी सोडियम, यांनीही लय मंदावते. वर्तनात ठळक बदल असूनही ईईजी अगदी सुरेख असेल तर तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाशी (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाच्या डिमेन्शियाशी) जुळतो. आणि काही आठवड्यांत झपाट्याने ढासळणाऱ्या रुग्णात सेकंदाला साधारण एक या चालीने टोकदार लहरी येत असतील तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या विरळ, झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूच्या आजाराचा विचार तातडीने करावा. सुरुवातीला मात्र त्या नसतातही, आणि तिथे डिफ्यूजन एमआरआय जास्त लवकर सांगतो.

मग एनसीव्ही-ईएमजी कधी करायची? जेव्हा प्रश्न वेगळा असतो तेव्हा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्क्यांत मोटर न्यूरॉन आजारही (स्नायू हलवणाऱ्या पेशी मरण्याचा आजार) असतो किंवा पुढे होतो. गिळताना ठसका, आवाज जड होणं, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बाजूचा स्नायू वाळणं पण करंगळीकडचा तुलनेने भरलेला असणं, जिभेवर थरथर, यांतलं काही दिसलं तर सुई घालून ईएमजी करावाच. नुसत्या हातात-पायात सुई घालून थांबू नये. जीभ किंवा मानेचा स्नायू आणि पाठीतल्या मधल्या मणक्यांजवळचा स्नायूही पाहावा, कारण मान किंवा कंबरेच्या मणक्याच्या झिजेने हातापायांत असाच बिघाड दिसतो, छातीच्या पातळीवर तो क्वचित दिसतो. ईएमजी पॉझिटिव्ह आला तर घराण्यात सी९ओआरएफ७२ जनुकाचा विचार येतो, आणि गिळण्याच्या, श्वासाच्या काळजीचं नियोजन लगेच बदलतं.

दुसरा प्रसंग डिमेन्शियासोबत पायांत मुंग्या, तोल जाणं आणि गुडघ्या-घोट्याच्या रिफ्लेक्समध्ये (हातोडीने ठोकल्यावरच्या प्रतिसादात) बदल असेल तेव्हाचा. तिथे एनसीव्ही आणि सोमॅटोसेन्सरी इव्होक्ड पोटेन्शियल (हातापायाची संवेदना मेंदूपर्यंत किती वेगाने पोचते याची तपासणी) यांवरून बी१२ च्या कमतरतेचा संशय येऊ शकतो, आणि ती भरून काढता येते. चाळिशी-पन्नाशीत सगळ्या नसांचा वेग एकसारखा मंद असेल तर मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी किंवा न्यूरॉनल इंट्रान्यूक्लिअर इन्क्लुजन आजार अशा विरळ गोष्टी शोधाव्यात; दुसऱ्यात डिफ्यूजन एमआरआयवर मेंदूच्या सालीखाली चमकदार रेघ दिसते.

चुंबकीय उत्तेजनाची एक तपासणी काही मोजक्या केंद्रांत होते. मनगटाच्या नसेला हलका शॉक देऊन सुमारे २० मिलिसेकंदांनी डोक्यावर चुंबकीय ठोका दिला की निरोगी माणसात हाताच्या स्नायूचा प्रतिसाद दबतो. हे दबणं असेटिलकोलिनवर चालतं, म्हणून अल्झायमरमध्ये आणि लेवी बॉडीतही ते कमी होतं, फ्रंटोटेम्पोरलमध्ये बहुधा शाबूत राहतं. डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन सुरू केल्यावर केली तर निकाल सुधारलेला दिसतो, म्हणून करायचीच असेल तर औषधाच्या आधी.

डोनेपेझिलचा विषय निघालाच आहे तर एक सूचना: ते व्हेगसचा जोर वाढवतं आणि नाडी मंदावतं. सुरू करण्याआधी साधा ईसीजी काढावा, आणि ऑटोनॉमिक टेस्टच्या फॉर्मवर ते कोणत्या तारखेपासून, किती मात्रेत चालू आहे ते लिहावं. त्याच फॉर्मवर मधुमेह किती वर्षांचा आहे, हृदयाची लय कोणती आहे, बीपीच्या, लघवीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची नावं आणि शेवटची मात्रा किती वाजता घेतली, आणि घरी झोपून-उभं राहून तीन सकाळी मोजलेले बीपी आणि नाडीचे आकडे द्यावेत. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करून लॅबमध्ये जाऊ नये, विशेषतः बीटा ब्लॉकर आणि लेव्होडोपा. काय आणि किती वेळ आधी थांबवायचं ते तपासणी लिहून देणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवावं. आणि ‘डिमेन्शिया, ऑटोनॉमिक टेस्ट करावी’ असं मोघम लिहिण्याऐवजी फॉर्मवर प्रश्नच लिहावा: ‘अल्झायमर की लेवी बॉडी? उभं राहिल्यावर बीपी ४० ने पडतं, नाडी ५ ने वाढते. घसरण नसांची आहे का?’ असा प्रश्न समोर असला की वाचणारा वालसाल्वाचा आलेख नीट उघडून पाहतो.